सरकार बंद, भांडण घरातलं

(पॉडकास्टच्या या भागाची लेखी आवृत्ती. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

  आजचा विषय अमेरिकेतला आहे, पण सुरुवात साताऱ्यातून करतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावशीचा फोन आला. मी हिंजवडीत, कॅन्टीनमध्ये चहा घेत उभा होतो. मावशी म्हणाली, "अरे, तिकडं अमेरिकेत सरकारच बंद पडलंय म्हणं. मग तुझ्या दादाचं काय?"

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. न्यू जर्सीत असतो, एच-वन-बी व्हिसावर. त्याची परवानगी घेऊन सांगतोय, फक्त नाव घेत नाही. सप्टेंबरच्या मध्यावर त्याची नोकरी गेली. एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली की घड्याळ सुरू होतं. जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज भरला तर ठीक, नाहीतर बॅगा भरायच्या. दादाला ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नवी ऑफर मिळाली. पेढे तेवढे वाटायचे राहिले होते. पण व्हिसाचा अर्ज भरायच्या आधी कंपनीला सरकारकडून एक कागद मंजूर करून घ्यावा लागतो. या माणसाला ठरलेल्या दरापेक्षा कमी पगार देणार नाही, अशा अर्थाचा. एरवी हा कागद कामाच्या सात दिवसांत येतो. पण ते काम १ ऑक्टोबरपासून ठप्प होतं, कारण सरकार बंद होतं.

घड्याळ मात्र बंद नव्हतं. खात्याला कुलूप लागलं तरी ६० दिवसांची मोजणी चालूच.

मी मावशीला हे जमेल तसं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे दोन पार्ट्यांचं भांडण आहे ना? मग मिटवा म्हणावं की!" मी म्हटलं, हो मावशी, मिटेल. फोन ठेवला. त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो आणि लक्षात आलं, मी मावशीला अर्धंच उत्तर दिलंय. दोन पक्षांचं भांडण असतंच. पण बघा, सरकार बंद पडतं आणि इमिग्रेशनचा कायदा वर्षानुवर्षं हलत नाही, यामागे बऱ्याचदा एकाच पक्षाच्या घरातलं भांडण असतं. आज ते उरलेलं अर्धं उत्तर.

सरकार बंद पडतं कसं?

आपल्याकडे असं होत नाही. अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल तर लेखानुदान घेतात आणि पगार चालू राहतात. लोकसभेत पैशाच्या बिलावर सरकार हरलं, तर सरकारच जातं आणि दुसरं येतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी ठरलेला. तो बजेटवरून पडत नाही. मग काय होतं? तिथे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची १२ बिलं मंजूर व्हायला हवीत. नाही झाली, तर जुन्याच दराने खर्च चालू ठेवणारं तात्पुरतं बिल आणायचं. तेही अडकलं, तर त्या पैशावर चालणारी कामं थांबतात. सैनिक, विमानतळावरचे कंट्रोलर असे अत्यावश्यक लोक काम करतात, पण त्यांचा पगार लांबतो. बाकीच्यांना घरी बसवतात.

मंजुरीशिवाय खर्च करू नका, हा कायदा १८८४ चा आहे. पण त्याचा अर्थ इतका कडक कुणी लावत नव्हतं. मंजुरीला उशीर झाला तरी कार्यालयं चालायची. १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिलं की कायद्याप्रमाणे काम थांबवावंच लागेल. तिथून शटडाऊन हे हत्यार झालं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही महत्त्वाची. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला तर आमदारकी, खासदारकी जाऊ शकते. म्हणून आपले नाराज लोक आधी हॉटेल गाठतात, मग गटच्या गट फोडतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने हे पोटभर पाहिलंय. अमेरिकेत व्हिप मोडला म्हणून खासदारकी जात नाही. नाराज माणूस पक्षातच राहतो आणि उघडपणे पक्षाच्या विरोधात मत देतो. त्याला समोरच्या पक्षाची फारशी भीती नसते, कारण बहुतेक मतदारसंघ आधीच एका पक्षाचे असतात. त्याला भीती असते प्रायमरीची, म्हणजे उमेदवारीसाठी होणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीची. तिथे त्याच्याच पक्षाचा कुणीतरी उभा राहतो आणि म्हणतो, हा बघा, हा मऊ पडला.

आणि मऊ पडलास म्हणायला सगळ्यात सोपा विषय कुठला? इमिग्रेशन.

मतं होती, मतदान नव्हतं

२०१३ साल घ्या. दोन्ही पक्षांच्या मिळून आठ सिनेटरांनी इमिग्रेशनचं मोठं बिल तयार केलं. सीमेवर जादा बंदोबस्त, कागदपत्रं नसलेल्यांना नागरिकत्वाकडे जायचा लांबचा रस्ता आणि आपल्या कामाचं म्हणजे जास्त एच-वन-बी. २७ जून २०१३ ला सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. १४ रिपब्लिकन सिनेटर बाजूने होते.

मग ते प्रतिनिधिगृहात, म्हणजे हाऊसमध्ये गेलं. तिथे रिपब्लिकनांचं बहुमत होतं आणि जॉन बेनर स्पीकर होते. डेमोक्रॅट आणि थोडे रिपब्लिकन मिळून ते बिल मंजूर होईल, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. पण बेनर यांचं म्हणणं होतं की माझ्या स्वतःच्या पक्षातल्या बहुसंख्य खासदारांचा पाठिंबा असल्याशिवाय मी ते आणणार नाही. आणलंच नाही. बिल हरलं नाही हां, त्यावर मतदानच झालं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड तयार, रिव्ह्यू झालेला, पण मर्जचं बटण ज्याच्या हातात आहे तो दाबत नाही, कारण दाबलं तर त्याचीच टीम त्याला काढेल.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकार १६ दिवस बंद पडलं. निमित्त आरोग्य विम्याच्या कायद्याचं होतं. शेवटी ते उघडलं तेव्हा हाऊसमध्ये बेनर यांच्या पक्षाची ८७ मतं बाजूने आणि १४४ विरोधात पडली. विरोधकांच्या मतांवर स्वतःचा पक्ष सोडवावा लागला.

२०१४ च्या जूनमध्ये रिपब्लिकनांचे हाऊसमधले दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर प्रायमरीत हरले. हरवणारा अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता आणि त्याच्या प्रचारातला मोठा मुद्दा होता की कँटर इमिग्रेशनवर ढिले आहेत. वॉशिंग्टनमधल्या प्रत्येक खासदाराने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, पुन्हा एकदा शटडाऊनची टांगती तलवार असताना, बेनर यांनीच पद सोडणार असल्याचं जाहीर केलं.

भिंतीसाठी न्यायालय बंद

आता डिसेंबर २०१८. ट्रम्प यांची पहिली कारकीर्द, हाऊस आणि सिनेट दोन्ही रिपब्लिकनांच्या हातात. सिनेटने १९ डिसेंबरला तात्पुरतं खर्चाचं बिल आवाजी मतदानाने मंजूर केलं. म्हणजे प्रश्न मिटल्यात जमा. पण भिंतीचे पैसे त्यात नव्हते. ट्रम्प यांच्याच बाजूचे रेडिओ आणि टीव्हीवरचे लोक, रश लिंबॉ, ॲन कोल्टर, त्यांच्यावर तुटून पडले. ट्रम्प मागे फिरले आणि ५.७ अब्ज डॉलर मागितले. २२ डिसेंबरला शटडाऊन सुरू झाला, तो ३५ दिवस चालला. सुमारे आठ लाख सरकारी कर्मचाऱ्यांचा पगार अडकला.

आता यातली गंमत बघा. गंमत म्हणजे, रडायची. हा शटडाऊन कशासाठी होता? बेकायदा इमिग्रेशन रोखण्यासाठी. आणि त्यात बंद काय पडलं? इमिग्रेशनची न्यायालयं. कोठडीत नसलेल्या लोकांच्या हजारो तारखा रद्द झाल्या. ज्यांना देशाबाहेर काढायचा निकाल लागायचा होता त्यांच्याही, आणि ज्यांना आसरा मिळायचा होता त्यांच्याही. कामावर घेतलेला माणूस कायदेशीर आहे का, हे कंपन्या ज्या सरकारी वेबसाइटवर तपासतात, ती ई-व्हेरिफायसुद्धा बंद. चोर पकडायची मोहीम काढायची आणि त्यासाठी पोलीस चौकीलाच कुलूप लावायचं, असला प्रकार.

शेवटी मिळालं काय? फेब्रुवारी २०१९ मध्ये भिंतीसाठी १.३७५ अब्ज डॉलर. ट्रम्प यांनी मग राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचे पैसे वळवले. त्यावर सिनेटमधल्या १२ रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांबरोबर मत देऊन विरोध नोंदवला.

ज्याने सरकार चालू ठेवलं, त्याचीच खुर्ची गेली

केविन मॅकार्थी जानेवारी २०२३ मध्ये १५ वेळा मतदान झाल्यावर स्पीकर झाले. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या पक्षातल्या बंडखोरांना एक गोष्ट कबूल केली. कुणीही एक खासदार स्पीकरला हटवण्याचा प्रस्ताव आणू शकेल. म्हणजे स्वतःच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे दिली.

सप्टेंबर संपत आला. मॅकार्थींनी एक बिल आणलं, त्यात खर्चाला मोठी कात्री आणि सीमेवरचे कडक नियम, सगळं त्यांच्या पक्षाला हवं तेच. २९ सप्टेंबरला ते पडलं. २१ रिपब्लिकनांनीच विरोधात मत दिलं, कारण त्यांना तात्पुरतं बिल कुठलंच नको होतं. दुसऱ्या दिवशी मॅकार्थींनी सीमेचं कलम काढलं, साधं बिल आणलं, ते ३३५ विरुद्ध ९१ ने मंजूर झालं. बाजूने रिपब्लिकनांपेक्षा डेमोक्रॅट जास्त. सरकार चालू राहिलं. आणि ३ ऑक्टोबरला मॅट गेट्झ यांच्या प्रस्तावावर मॅकार्थी गेले. २१६ विरुद्ध २१०. त्यांच्या पक्षाचे फक्त आठ जण फिरले, तेवढे पुरले. अमेरिकेच्या इतिहासात स्पीकरला असं हटवण्याची ही पहिली वेळ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

पुढच्या फेब्रुवारीत ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर जेम्स लँकफर्ड यांनी चार महिने घासून सीमेचा कडक समझोता तयार केला, डेमोक्रॅटांना बरोबर घेऊन. ट्रम्प यांनी नको म्हटलं. तेव्हा ते सत्तेतही नव्हते, उमेदवारीच्या शर्यतीत होते. ७ फेब्रुवारी २०२४ ला मतदान झालं, तर ६० ऐवजी ४९ मतं, त्यात रिपब्लिकन फक्त चार. डेमोक्रॅटांमधलेही काही जण विरोधात गेले, त्यांना ते बिल फार कडक वाटत होतं.

दुसरं घरही तसंच

आता कुणी म्हणेल, तू एकाच पक्षाच्या मागे लागलायस. नाही हो. जानेवारी २०१८ मध्ये डेमोक्रॅटांनी ड्रीमर्ससाठी, म्हणजे लहानपणी आईवडिलांबरोबर कागदांशिवाय आलेल्या मुलांसाठी, सरकार अडवलं. तीन दिवसांत माघार घेतली. हातात आश्वासन आलं, कायदा नाही. पक्षातल्या डाव्या गटाने चक शूमर यांना धारेवर धरलं. मार्च २०२५ मध्ये शूमर यांनी सरकार चालू ठेवायला मदत केली, तेव्हा तर स्वतःच्याच पक्षात त्यांचा राजीनामा मागायला लागले.

आणि मग आला पुढचा शटडाऊन. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, ४३ दिवस, तोवरचा सर्वांत लांब. मुद्दा आरोग्य विम्याच्या अनुदानाचा. पण रिपब्लिकनांनी त्यातही इमिग्रेशन आणलंच. म्हणाले, डेमोक्रॅटांना बेकायदा लोकांना फुकट उपचार द्यायचेत. खरं तर कागदपत्रं नसलेल्यांना ते अनुदान मिळतच नाही. वाद होता तो निर्वासितांसारख्या, कायद्याने राहणाऱ्या काही गटांचा, ज्यांची पात्रता २०२५ च्या कायद्याने काढली होती. शेवटी सिनेटमध्ये डेमोक्रॅटांच्या बाजूचे आठ जण फुटले आणि ६० मतं झाली. त्या आठांपैकी एकालाही २०२६ ची निवडणूक लढवायची नव्हती. का फुटले ते आठच, आणि बाकीचे का नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आपण कुठे आहोत?

आता स्वतःची एक चूक कबूल करतो. डिसेंबर २०२४ आठवतोय? त्या एका आठवड्यात दोन्ही नाटकं एकाच रंगमंचावर झाली. १८ डिसेंबरला इलॉन मस्क यांनी दिवसभर पोस्टी टाकून दोन्ही पक्षांनी ठरवलेलं खर्चाचं बिल पाडलं. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांना हवं असलेलं बिल आलं, ते ३८ रिपब्लिकनांनी नाकारलं. कसंबसं २० तारखेला हाऊसमध्ये तिसरं बिल पार पडलं. आणि लगेच २२ तारखेला श्रीराम कृष्णन यांची एआय सल्लागार म्हणून घोषणा झाली आणि एच-वन-बीवरून ट्रम्प यांच्याच समर्थकांत जुंपली. एका बाजूला मस्क आणि विवेक रामास्वामी, दुसऱ्या बाजूला लॉरा लूमर आणि स्टीव्ह बॅनन. २८ तारखेला ट्रम्प म्हणाले, मला एच-वन-बी आवडतो.

आमच्या बीटेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी! मीही मीम टाकले. आपण जिंकलो असं वाटलं. भिंत आपल्यासाठी नाही, आपण तर रांगेत उभे राहून गेलेले लोक, असं आम्हाला नेहमीच वाटायचं. नऊ महिन्यांनी, १९ सप्टेंबर २०२५ ला, त्याच ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. शुक्रवारी सही, रविवारपासून लागू. कुणाला लागू, कुणाला नाही, हे स्पष्ट व्हायच्या आत लोक तिकिटं काढून परत पळत होते. पुन्हा नोव्हेंबरमध्ये ट्रम्प टीव्हीवर म्हणाले की अमेरिकेत काही कौशल्यं नाहीत, बाहेरून माणसं आणावी लागतात. लगेच त्यांच्याच पक्षाच्या मार्जोरी टेलर ग्रीन यांनी एच-वन-बी संपवणारं बिल आणणार असं जाहीर केलं.

म्हणजे आपण ना त्या पक्षाच्या एका गटाचे आहोत, ना दुसऱ्याचे. दोघं भांडताना मध्ये ठेवलेली वस्तू आहोत.

आणि कायदा? एच-वन-बी आला १९९० च्या कायद्याने. आज वर्षाला ६५ हजार, शिवाय तिथे मास्टर्स केलेल्यांना २० हजार. नोकरीच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण सात टक्के, मग तो आइसलँड असो की भारत. ही देशाची मर्यादा काढायचं बिल हाऊसने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपलं रूप एकमताने मंजूर केलं. पण दोन्ही मसुदे जुळवले गेले नाहीत, मुदत संपली, बिल गेलं. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांची मुलं तिथे कॉलेजला गेली, पण ग्रीन कार्डची तारीख आली नाही.

कायदा होत नाही म्हणून सगळं आदेशावर चालतं. २०१२ मध्ये ओबामांनी ड्रीमर्सना दिलासा दिला तो आदेशाने. २०२५ ची फी लागली ती आदेशाने. आदेशाने मिळालेलं आदेशानेच जातं, कधी शुक्रवारी संध्याकाळी.

म्हणून पुढच्या वेळी "अमेरिकेत शटडाऊन" अशी बातमी आली, तर कोण कुणाला काय म्हणालं ते सोडा. तीन गोष्टी बघा. एक, बिल मतांअभावी पडलंय की मतदानालाच आणलेलं नाही? दोन, विरोधात मत देणाऱ्यांत नेत्याच्या स्वतःच्या पक्षाचे किती? तीन, तडजोड केली तर खुर्ची कुणाची जाणार आणि ती कोण काढून घेणार? बातमी बरीचशी तिथेच कळते. आणि तिथे कुणी आपलं माणूस नोकरी बदलणार असेल, तर त्याला तारखा बघूनच राजीनामा द्यायला सांगा.

दादाचं काय झालं? ३१ ऑक्टोबरला, सरकार बंद असतानाच, ते कागद तपासायचं काम पुन्हा सुरू झालं. त्याचा कागद नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला आणि ६० दिवस संपायला चार दिवस असताना कंपनीने अर्ज भरला. त्या महिन्यात त्याने भाड्याच्या घराची नोटीस लिहून तयार ठेवली होती, गाडी विकायला काढली होती आणि मुलीच्या शाळेत काहीच सांगितलं नव्हतं. नोटीस फाडली. गाडी तेवढ्यात विकली गेली होती.

मावशीला मी परवा पुन्हा फोन केला, उरलेलं उत्तर द्यायला. स्पीकर, प्रायमरी, ६० मतं, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे भावाभावांच्या वाटणीत विहीर बुजवली म्हण की. पाणी मात्र शेजाऱ्याचं तुटलं."

मी एवढं अर्धा तास बोललो, ते तिने दोन वाक्यांत आटोपलं.

तुमच्या घरात, मित्रांत असं कुणी अडकलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, नाव न घेता पुढच्या भागात सांगेन. भेटूया. काळजी घ्या.